दिवसाची पहिली विहीर

पाथरीच्या भुजंगरावांचा स्वतःच्या नाकावर भारी विश्वास होता. तो त्यांचा एकट्याचा असता तर सोडून देता आलं असतं, पण अर्ध्या जिल्ह्याचा होता. भूजल खात्यात एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेला हा माणूस विहिरीच्या काठावर उभा राहिला की बादली वर यायच्या आत सांगायचा, पाणी मचूळ आहे, की गाळाचं आहे, की आत उंदीर मरून पडलाय. लग्नघरचे आचारी तेलाचा डबा फोडला की आधी त्यांच्या नाकाखाली धरायचे. कावेरीबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मत तेवढं वेगळं होतं.

"लोकाच्या विहिरीतला उंदीर कळतो," त्या म्हणायच्या, "अन् आपल्या चुलीवर दूध करपायलंय ते कळत न्हाई. असलं कसलं नाक म्हणावं!"

भुजंगराव यावर हसायचे. माणूस मुळात समाधानी. खात्यातलं त्यांचं काम साधं होतं. जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून चारदा जायचं आणि पाणी किती खोल गेलं ते मोजायचं. पोलादी टेपेच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. साहेब बदलले, जीपा बदलल्या, पण भुजंगरावांची टेप सतरा वर्षं तीच राहिली. इतरांच्या टेपा तीन वर्षांत गंजून जायच्या. यांची मात्र नव्या नवरीच्या पैंजणासारखी चकचकीत. एकदा परभणीच्या साहेबांनी त्याबद्दल त्यांना सगळ्यांसमोर शाल घातली होती. ती शाल कावेरीबाई अजून पापड वाळवताना खाली अंथरतात.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांनी घरात बसून बघितलं. जमेना. घरच्या हौदात किती बोटं पाणी कमी झालं हे ते रोज सकाळी कावेरीबाईंना सांगू लागले, तेव्हा त्या माउलीनंच नवस बोलल्यासारखं म्हटलं, "कुणीतरी न्या बाई ह्यांना कामावर."

आणि खरंच कुणीतरी नेलं. मानवतच्या बंद तेलगिरणीच्या जागेवर नगरपालिकेला आठवडी बाजाराचे ओटे बांधायचे होते. बांधण्याआधी तिथली माती आणि जमिनीखालचं पाणी किती बिघडलंय ते तपासून घ्या, असा वरून हुकूम आला. ते काम छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीला मिळालं आणि कंपनीनं योगिनी नावाची एक तरुण भूवैज्ञानिक पाठवली. तिला इथल्या विहिरी माहीत असलेला माणूस हवा होता. खात्यात ज्याला विचारलं त्यानं एकच नाव सांगितलं.

ही गिरणी सरकीचं तेल काढायची. सरकी दाबून झाली की पेंडीत उरलेलं तेल काढायला तिथं पेट्रोलसारखं एक द्रावक वापरायचे. शिवाय डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली, आणि मागं मळीचा, म्हणजे तेलाच्या गाळाचा, खड्डा. वीस-एकवीस वर्षांपूर्वी गिरणी बसली. पत्रे गेले, यंत्रं गेली, राहिली ती बाभळी आणि भिंत. त्या भिंतीला लागूनच पश्चिमेला सरजाबाईंचं अर्धा एकर रान. त्यात मेथी, कोथिंबीर, शेपू, आणि मधोमध दगडानं बांधलेली जुनी विहीर.

विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगात लिहिलेलं होतं, 'पिण्यास अयोग्य'.

हा रंग तिथं कसा आला ते भुजंगरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी बंद गिरणीच्या आसपासच्या विहिरी बघायला खात्याची जीप आली होती. दोरी बरोबर आणायची राहिली, म्हणून भुजंगरावांनी नमुन्याची बाटली टेपेच्याच टोकाला बांधून आत सोडली. बाटली वर आली. त्यांनी नाकाला लावली आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, तेलाचा वास हाय." साहेबांनी हुंगलं, मान डोलावली. नोंदवहीत भुजंगरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाण्यास तेलाचा वास'. महिन्याभरानं पालिकेचा माणूस तांबडा रंग घेऊन आला. भुजंगरावांच्या नाकाची कीर्ती झाली ती खरी तिथून.

योगिनीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. "काका, कामावर येताना डोक्याला तेल नको. अत्तर नको. तंबाखू नको. येताना गाडीत पेट्रोल भरायचं नाही, आदल्या दिवशी भरायचं."

"आंघोळ केली तर चालंल ना?" भुजंगरावांनी विचारलं.

"बिनवासाच्या साबणानं," ती न हसता म्हणाली.

पोरगी कडक आहे हे भुजंगरावांना आवडलं. तिनं गिरणीच्या आवारात तीन ठिकाणी बोअर घेतले. दर हातभर खोलीवरची माती काढून काचेच्या बरण्यांत भरली आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. मळीच्या खड्ड्याजवळची माती पुरुषभर खोलीपर्यंत काळी ठिक्कर निघाली आणि टाकीखालची हुंगायला नाकाची गरजच नव्हती. मग तिन्ही बोअरमधलं पाणी मोजलं. योगिनीकडे पाण्याला टेकताच पीं पीं वाजणारी तार होती, पण पडताळा म्हणून तिनं पोलादी टेपही आणली होती. टेप हातात घेताच भुजंगरावांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाभळीच्या सावलीत डबा खाताना ती कागदावर रेघा ओढत होती.

"काका, एक कोडं सुटत नाही. जमिनीखालचं पाणी इथून पूर्वेला, नाल्याकडे उतरतंय. तिन्ही बोअर तेच सांगतात. सरजाबाईंची विहीर आहे बरोबर उलट्या बाजूला. मग तिकडे तेल गेलं कसं?"

"गेलंय हे नक्की," भुजंगराव म्हणाले. "म्या सोता वास घेतलाय."

तिनं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. जुन्या नोंदवहीचं पान. "हेच ना? या नोंदीमुळेच तर अडचण आहे. उद्या प्रयोगशाळेनं विहीर स्वच्छ आहे म्हटलं तरी लोक विचारतील, पूर्वी तेल आलं होतं, पुन्हा येणार नाही कशावरून? अशा वेळी धोका नको म्हणून विहीर बुजवा, असंच लिहावं लागतं. पालिकेच्या नकाशात तिथून रस्ताही आखलाय."

भुजंगरावांनी पान हातात घेतलं आणि कौतुकानं बघितलं. "माझंच अक्षर हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी आवराआवर करताना योगिनी पेट्या गाडीत ठेवत होती. आधीचे दोन दिवस टेप तिनंच आवरली होती, आज भुजंगरावांनी गुंडाळायला घेतली. ओली होती. ओली टेप तशीच गुंडाळणं त्यांच्या हातांना येतच नव्हतं. बोअर मारणाऱ्या यंत्राच्या ड्रायव्हरकडून त्यांनी थोडं डिझेल घेतलं, खिशातल्या दस्तीला, म्हणजे रुमालाला, लावलं आणि टेप वीतवीत करून मायेनं पुसली. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी ते हेच करत आले होते. सतरा वर्षं टेप टिकली ती काय उगाच?

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाईंच्या विहिरीचा नमुना घ्यायचा होता. काम सुरू करण्याआधी योगिनी रोज एक गोष्ट करायची. टेपेवरून शुद्ध पाण्याची धार सोडून ते पाणी बाटलीत धरायची. त्याला ती कोरा नमुना म्हणायची. आपल्याच हत्यारांची घाण नमुन्यात गेली तर कळावी म्हणून. त्या सकाळी बाटली भरून तिनं नाकाशी नेली, कपाळाला आठी घातली आणि विहिरीकडे नुकत्याच पोचलेल्या भुजंगरावांना हाक मारली.

"काका, तुमच्या नाकाची सगळे तारीफ करतात. सांगा बरं, हे पाणी कुठलं?"

भुजंगराव खुलले. दोन्ही हात पाठीमागे घेऊन, डोळे मिटून त्यांनी वास घेतला. एकदा घेतला, दुसऱ्यांदा घ्यायची गरजच पडली नाही.

"सरजाबाईची हीर!" ते म्हणाले. "पैजेवर सांगतो. एकोणीस वर्षं झाली, पण त्योच वास, तंतोतंत. कवा काढलं पाणी?"

"विहिरीचं पाणी अजून काढलंच नाही काका," योगिनी म्हणाली. "हे टेप धुतलेलं पाणी आहे."

भुजंगरावांनी डोळे उघडले. टेपेकडे बघितलं. मग स्वतःच्या खिशातून डोकावणाऱ्या दस्तीकडे. योगिनी रागावली नाही. टेप तिनं साबणानं धुतली, तीनदा विसळली, पुन्हा कोरा नमुना घेतला आणि मगच काम सुरू केलं. काल टेप पुसली का, असं तिनं विचारलं आणि भुजंगरावांनी हो म्हटलं. त्या 'हो'मध्ये आणखी काय काय होतं, ते तिला कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी काम रेटलं. घरी येताच माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात त्यांच्या खिशातल्या डायऱ्या होत्या, एकतीस वर्षांच्या एकतीस. खात्याची नोंदवही वेगळी, ही त्यांची स्वतःची. कुठल्या दिवशी कोणकोणत्या विहिरी केल्या, कोणत्या क्रमानं, वाटेत कुठं चहा घेतला, सगळं. ते पानं उलटत बसले आणि जिथं 'तेलाचा वास' असं लिहिलेलं सापडलं तिथं तिथं ज्वारीचं पान घालत गेले. सगळ्या मिळून तीन विहिरी निघाल्या. दोन शेतातल्या, नुसत्या भिजवणीच्या, त्यांचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. तिसरी सरजाबाईंची. आणि तिन्ही विहिरी त्या त्या दिवसातल्या पहिल्या होत्या, तिन्ही वेळा दोरी राहिली म्हणून बाटली टेपेलाच बांधलेली. रात्रभर डिझेल पिऊन बसलेली टेप सकाळी पहिल्या विहिरीत उतरायची. दुसरीपर्यंत धुऊन निघायची. म्हणून दुसऱ्या विहिरीला कधी वास आला नाही.

कावेरीबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी कप बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"त्या विहिरीत तेल नव्हतंच," भुजंगराव म्हणाले. "माझ्याच टेपेला होतं. लोकाची हीर म्या बाटवली."

कावेरीबाई एरवी अशा जागी सोडणाऱ्या नव्हत्या. नाकावर बोलायला आयुष्यातली सगळ्यात चांगली संधी समोर होती. त्यांनी ती घेतली नाही. पेटीवरची धूळ पदरानं पुसून त्या म्हणाल्या, "कळलंय तर सांगून मोकळं व्हा. तिची हीर बुजंपर्यंत वाट बगणार हाव का?"

मनात एक आवाज म्हणत होता की सांगायचं कशाला, प्रयोगशाळा बघून घेईल. पण त्यांच्याच अक्षरातला तो कागद प्रयोगशाळेला पुरून उरणार होता, हे योगिनीनं स्वतः सांगितलं होतं. आणि सांगितलं तर? एकतीस वर्षांचं नाव, शाल, आचाऱ्यांचे डबे, सगळ्यांवर पाणी. भुजंगरावांना मनातून लाज वाटत होती आणि भीतीही. तरी सकाळच्या पहिल्या एसटीनं ते मानवतला गेले, डायऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

योगिनीनं तिन्ही पानं वाचली. पुन्हा वाचली. मग तिनं नकाशा काढला, पूर्वेकडे जाणाऱ्या पाण्याच्या बाणावर बोट ठेवलं आणि मोठा श्वास सोडला. "कोडं सुटलं. काका, हे मला लिहून द्याल?"

"देतो. निसतं मराठीत चालंल का?"

"मराठीतच द्या. तुमच्या त्याच अक्षरात."

त्यांनी लिहून दिलं. खाडाखोड न करता, सही करून, तारीख टाकून. खरं अवघड काम पुढंच होतं.

सरजाबाई विहिरीपाशी मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ, तोडून बोलणाऱ्या. भुजंगराव समोर उकिडवे बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोरी राहिली ते, बाटली टेपेला बांधली ते, दस्ती, डिझेल, सगळं. सरजाबाईंचा हात थांबला नाही. एक जुडी झाली, दुसरी झाली.

"एकोणीस उन्हाळे," त्या शेवटी म्हणाल्या. "आमची पाणपोई ठावं हाय का तुमाला? गिरणीसमोर सरकीच्या गाड्यांची रांग लागायची तवा सासूबाईंनी बसवल्याली. पाडव्याला रांजण मांडायचा, पाऊस पडला का उचलायचा. तांबडा रंग लागला अन् दुसऱ्या दिवसापसून रांजणाला कुणी हात लावंना. सासूबाई रोज सकाळी भरायच्या, रोज सांजच्याला तसाच वतून द्यायच्या. मैनाभर भरला त्यांनी. मग आत उचलून ठिवला."

भुजंगरावांनी पायाशी पडलेली मेथीची काडी उचलून जुडीत ठेवली.

"मी हेच पाणी पेते," सरजाबाई पुढं म्हणाल्या. "एकोणीस वर्षं. मला कुटं काय झालंय? पर धुरपताबाई गेल्या, म्हंजे सासूबाई, तवा त्यांच्या तोंडात पाणी घालायला शेजारणीनं आपल्या घरचा तांब्या आणला. स्वताच्या हिरीचं शेवटचं घोटभर पाणी न्हाई मिळालं त्यांना."

भुजंगरावांनी दस्ती काढली, ती डिझेलची आहे हे लक्षात येऊन परत खिशात घातली आणि डोळे शर्टाच्या बाहीनं पुसले. ते बघून सरजाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"मुद्दाम केलं व्हतं का?"

"न्हाई वो. आईशप्पत न्हाई."

"मग रडायलाव कामून? हत्यार पुसून ठिवणारा माणूस काय वंगाळ नसतो." त्यांनी जुडीला गाठ मारली. "पर दंड भरावा लागंल. जुना रांजण तडकलाय. तपासणीत पाणी चांगलं निघालं तर नवा रांजण घिऊन यायचा. तुमी सोता आणायचा, कुणाच्या हाती धाडायचा न्हाई."

पुढचे पंधरा दिवस भुजंगराव देव पाण्यात घालून बसले. घरच्या हौदाचं पाणी मोजायचंही विसरले, तेव्हा कावेरीबाईंना काळजी वाटायला लागली. सोळाव्या दिवशी योगिनीचा फोन आला. मळीच्या खड्ड्याची आणि टाकीखालची माती खणून झाकलेल्या गाड्यांतून बाहेर न्यावी लागणार होती. पूर्वेच्या बोअरचं पाणी खराब होतं आणि नाल्याकडच्या बाजूवर पुढची दोन वर्षं लक्ष ठेवायचं होतं. सरजाबाईंच्या विहिरीत मात्र तेलाचा, द्रावकाचा अंशही नव्हता. जंतूंची तपासणीही तिनं करून घेतली होती. इतर विहिरींसारखी औषधाची मात्रा दिली की पाणी पिण्याजोगं. अहवालात तिनं लिहिलं होतं की विहीर राखावी, रस्ता तीन मीटर सरकवावा, आणि जुनी नोंद चुकीची होती, पुरावा सोबत जोडला आहे.

"काका," ती फोनवर म्हणाली, "सगळ्या अहवालात तेवढं एकच पान मराठीत आहे."

पाडव्याच्या आदल्या दिवशी भुजंगराव कुंभारवाड्यात गेले. चांगले सात रांजण वाजवून बघितले आणि आठवा घेतला. तो घेऊन एसटीत चढले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ह्यो कोण? ह्येचं हाफ तिकीट काढावं लागंल." अख्खी गाडी हसली. भुजंगराव मात्र रांजणाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन मानवतपर्यंत बसले, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावानं शिव्या घातल्या.

पाडव्याला सकाळी गिरणीच्या भिंतीसमोर, रस्त्याच्या कडेला, ओल्या वाळूवर रांजण मांडला गेला. विहिरीच्या कठड्याला पांढरा चुना लागला होता. सरजाबाईंनी रांजणाला हळदकुंकू लावलं, विहिरीचं पाणी गाळून भरलं, औषधाचे थेंब टाकले आणि लांब दांड्याचं वगराळं घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. बातमी सगळीकडे पोचलेली होती. दहा-पंधरा माणसं जमली, पण सगळी हातभर अंतर राखून. नगरपालिकेनं अहवालाचं पान भिंतीला चिकटवलं होतं. ते इंग्रजीत होतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

समोर चहाची टपरी चालवणारा दत्ता पुढं आला. "कागदाचं राहू द्या," तो म्हणाला. "भुजंगराव, तुमच्या नाकापुढं कागद काय करतोय? तुमी वास घ्या. तुमी हो म्हणलाव की आमी पेतो."

"अरे बाबा, सगळा घोळ त्या नाकानंच घातला," भुजंगराव म्हणाले. "म्या लिहून दिलंय तसं."

"ते टेपेचं. नाकानं तर बरूबर वळीकलं ना, डिझेल हाय म्हणून?"

लोक मान डोलावू लागले. आता या लोकांना काय सांगावं! भुजंगरावांनी एकवार सरजाबाईंकडे बघितलं. वगराळं बुडवून सरजाबाईंनी पेला भरला आणि पुढं केला. सगळ्यांचे डोळे भुजंगरावांच्या नाकावर.

त्यांनी पेला हातात घेतला. एकतीस वर्षांत हुंगल्याशिवाय त्यांनी कुठलंच पाणी ओठाला लावलं नव्हतं, घरचंसुद्धा. आज त्यांनी उजव्या हातात पेला धरला, डाव्या हाताच्या चिमटीत नाक पक्कं दाबलं, आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग दत्ता फिस्सकन हसला आणि त्याच्यामागून सगळेच हसले. सरजाबाईंना हसू आवरेना, पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत राहिले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

भुजंगरावांनी नाक सोडलं आणि रिकामा पेला पुढं केला. "धुरपताबाईंच्या नावानं आणिक एक द्या," ते म्हणाले.

सरजाबाईंनी तो भरून दिला. तो संपायच्या आत दत्तानं ओंजळ पुढं केली होती, आणि त्याच्यामागं रांग लागायला सुरुवात झाली होती.